आतली कडी

घर ही माणसाने स्वतःला लावून घेतलेली सवय आहे. भटकणं हा त्याचा मूळ स्वभाव. गुहेतून बाहेर पडलेल्या पहिल्या माणसाच्या पायांत जी ओढ होती, ती हजारो वर्षं शेती करूनही गेलेली नाही. ज्याला ती ऐकू येते तोच खरा जगला.

हे विचार माझे नाहीत, दिगंबररावांचे आहेत. रामवाडीतल्या माझ्या शेडमध्ये पंखा आपल्याकडे वळवून घेत त्यांनी ते मला ऐकवले. त्याआधी, रोह्याहून पेणपर्यंत येताना कंबर आखडली म्हणून त्यांनी पाठीला लावायला उशी मागितली होती. रोहा ते पेण हा रस्ता तासाभराचा.

मी गाड्यांच्या बॉड्या बांधायचो. कारखान्यातून टेम्पो येतो तो पुष्कळदा नुसता सांगाडा असतो: चाकं, इंजिन आणि ड्रायव्हरची केबिन. मागचा हौदा किंवा बंद पेटी बांधायचं काम आमच्यासारख्यांचं. ते पेणमध्ये करायचं म्हणजे निम्मं आयुष्य गणपतीच्या सेवेत जाणार, भाविक असा वा नसा. शेजारच्या हमरापुरातून मूर्ती निघायच्या त्या आम्ही बांधलेल्या गाड्यांतून. मुकुटाची उंची, सोंडेचं वळण, कानांची रुंदी यांचे हिशेब माझ्या हातात इतके बसले होते, की घरातलं कपाट करतानासुद्धा मी वर चार बोटं मुकुटासाठी सोडायचो.

गणपतीसारखा प्रवासी नाही. एकदा पेंढ्यात घट्ट बसवला की तो पाणी मागत नाही, खिडकी मागत नाही, वाटेत चहाला थांबा म्हणत नाही. मुख्य म्हणजे, स्वतः दार उघडून खाली उतरत नाही. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

गाडी भरली की पाठवायची रीतही ठरलेली. दार ओढायचं, बाहेरून कडी टाकायची, पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारायच्या आणि 'मोरया' म्हणायचं. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. दोन थापा म्हणजे निघ.

टाळेबंदी उठल्यावर लोकांच्या डोक्यात गाडीत राहायचं खूळ शिरलं. घरात कोंडून बसलेल्या माणसांनी बाहेर पडायचं ठरवलं, पण घर बरोबर घेऊन. गिऱ्हाईक यायचं आणि मोबाइलवर चित्र दाखवायचं. कुठल्याशा परदेशी किनाऱ्यावर उभी गाडी, मागचं दार उघडं, आत पांढरीशुभ्र चादर, चादरीवर कुत्रा, समोर सूर्यास्त. "नाना, हुबेहूब असं पायजे." मी विचारायचो, यात चपला कुठे काढल्यात? ओला टॉवेल कुठे वाळत घातलाय? कांदे कुठे ठेवलेत? चित्रात यातलं काही नसायचं. चित्रातल्या माणसांना बहुधा भूकही लागत नसावी.

मालाची बंद गाडी बाहेरून चौकोनी पेटीसारखी दिसते. आत शिरून काटकोन तपासायचा गुण्या लावा, म्हणजे कळतं. गुण्या आणि ओळंबा ही सुताराची दोन दैवतं, आणि गाडीत दोन्ही रजेवर असतात. भिंती वर जाताना आत झुकतात, झुकता झुकता मध्येच विचार बदलतात, आणि डावी भिंत उजवीसारखी वागेलच याची हमी नाही. म्हणून पुठ्ठा घ्यायचा, भिंतीला भिडवायचा, कातरायचा, पुन्हा भिडवायचा. एका फळीसाठी चार पुठ्ठे वाया जातात, आणि मग पाचव्यावरून कापलेली फळी उलटी लावली जाते.

दुसरी पीडा पाण्याची. दोन माणसं रात्रभर पत्र्याच्या पेटीत श्वास सोडतात. तो थंड पत्र्याला लागतो, त्याचं पाणी होतं आणि सकाळी पांघरुणावर टपकतं. मग फोन येतो, "नाना, छप्पर गळतंय." छप्पर गळत नसतं, गिऱ्हाईकच गळत असतं. त्यासाठी पत्र्याला आतून जाड अस्तर भरायचं, वर वारा खेळायला झडप ठेवायची. झडप ठेवली की डास येतात. जाळी लावली की वारा येत नाही. असं करत करत आपण घराच्या शोधापर्यंत पुन्हा येऊन पोहोचतो.

पुण्याच्या एका जोडप्याने छताला सागवानी पट्ट्या लावून घेतल्या. मी म्हटलं, वजन होईल. ते म्हणाले, ऊब येईल. ऊब आली आणि वजनही आलं. पहिल्याच घाटात गाडीने वळणावर असं अंग टाकलं की त्या बाईंनी उरलेला घाट पायी उतरला. आणखी एका डॉक्टरांनी गाडी परत आणली, कारण चालताना आत कुठेतरी 'टिंग' वाजायचं. आम्ही एकेक फळी उचकटली. चार दिवसांनी सापडला तो त्यांच्याच मिसळणाच्या डब्यातला हळदीचा चमचा.

एवढं वैतागून तुम्ही हे काम का करायचात, असं लोक विचारतात. करायचो, कारण त्यात एक क्षण असा यायचा जो टेम्पोच्या हौद्यात कधी येत नाही. पलंग बसलेला असतो, खालचे खण बसलेले असतात, घडीचं टेबल पहिल्यांदा उघडून पायावर उभं राहतं आणि आपण छोटा दिवा लावून बघतो. त्या वेळी माझ्या वयाचा माणूसही पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसतो आणि उगीच इकडेतिकडे बघतो. मुली भातुकली का मांडतात ते मला साठी उलटल्यावर कळलं. सगळं जग हाताच्या अंतरावर, आणि प्रत्येक वस्तूला एकच जागा. बाहेर तसं काही नसतं.

तर दिगंबरराव. रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत त्यांनी शिफ्टमागून शिफ्ट काढल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर वरसे इथे टुमदार बंगला बांधला होता. त्या बंगल्यात बसून त्यांनी भटकंतीवर बरंच वाचलं. मग हमरापुरातून एक जुनी मालाची गाडी विकत घेतली, गणपती वाहून वाहून पिकलेली. आतला पत्रा सोलला तर फटींतून पेंढा आणि सोनेरी भुकटी निघाली. माझा वेल्डर जनार्दन आठवडाभर चमकत होता.

जनार्दन खाडीकाठचा, मिठागरात राबलेल्या घरातला. गंज तो वासावरून ओळखायचा आणि माणूस दोन वाक्यांवरून. दिगंबररावांची पहिली दोन वाक्यं ऐकून तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, हा माणूस हिमालयात जायाचा नाय. ह्याला तिकडं जानार हाय असं सांगायाचं हाय."

दिगंबररावांनी नकाशे काढून आणले होते. पुस्तकांचं कपाट, छपरावर बसायची जागा, बाहेर ओढायची कनात, लिहायचं टेबल. दर गुरुवारी नवा नकाशा यायचा आणि त्यात टेबल दुसऱ्या भिंतीला गेलेलं असायचं. एकच गोष्ट त्यांनी कधी बदलली नाही: ड्रायव्हरची केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये पक्की भिंत हवी आणि ती आवाज न जाणारी हवी. गाडी पगारी ड्रायव्हर चालवणार, आणि नवराबायकोचं बोलणं त्याला ऐकू जायला नको. मी त्या भिंतीत अस्तर दुप्पट भरलं. पलीकडे ढोल वाजवला तरी अलीकडे कळलं नसतं. मला त्या भिंतीचा फार अभिमान होता.

सहाव्या की सातव्या नकाशाच्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी आल्या. सुमनताई. काठी टेकत शेडभर बघत आल्या, गाडीत डोकावल्या आणि त्यांनी मला विचारलं, "नाना, ह्यात मोरी कुठाय?"

दिगंबरराव म्हणाले, "अगं, निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं म्हटल्यावर—"

"तुम्ही जावा सान्निध्यात. मला गुडघे आहेत."

जनार्दनने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला आणि तो पहिल्यांदाच त्या कामात रस घेऊन उभा राहिला.

सुमनताईंनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. त्यांना हिमालय नको होता. त्यांचं माहेर देवगडकडे. आईवडील गेले, थोरली बहीण माई तिथे एकटी राहते. घर रस्त्यापासून खाली, जांभ्याची पाखाडी उतरून. सत्तरच्या वर पायऱ्या. माई ऐंशीच्या घरात, पण ती त्या पायऱ्या डोक्यावर आंब्याची पाटी घेऊन चढते. सुमनताईंचे गुडघे गेले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्या माहेरी गेल्या नव्हत्या. खाली नेलं तर वर आणता येणार नाही. खुर्चीत बसवून उचलून नेऊ, असं भाचे म्हणाले होते.

"मी काय पालखीतला देव आहे?" त्या म्हणाल्या. "खाली जायचं नाय मला. गाडी पाखाडीच्या डोक्यावर उभी करायची. मी गाडीत राहीन, माई वर चढून येईल. मला काय लागतं? झोपायला जागा, चहापुरती शेगडी, आणि संडास. रात्री उठून कोणाच्या दारात विचारत जायला लागू नये, बास. माई दर रविवारी फोनवर एकच विचारते, कधी येतलंस गो? आता मला तिला वार सांगायचाय."

दिगंबरराव नकाशाची गुंडाळी करू लागले.

त्या दिवशी गाडीचं माप खऱ्या अर्थाने ठरलं. पलंग आणि संडासाचं बैठं किती उंच हवं हे कुठल्याही नकाशात नव्हतं. जनार्दनने रंगाचे रिकामे डबे आणले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने पालथे घातले, वर पोती टाकली. सुमनताई एकेकावर बसून उठून बघत गेल्या. हाताचा आधार न घेता ज्या डब्यावरून उठता आलं त्यावर जनार्दनने खडूने फुली मारली. "हा तुमचा, ताई." वीस इंच. मग धरायचा दांडा कुठे हवा ते बघायला त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला आणि तो जिथे थांबला तिथे खूण केली. चाळीस वर्षांत माल स्वतः येऊन आपलं माप देतोय असं माझ्या धंद्यात पहिल्यांदाच झालं.

पुस्तकांचं कपाट गेलं, तिथे संडास आला. मागची दोन दारं त्यामुळे आतून बुजली. येण्याजाण्याला बाजूचं एकच दार राहिलं, रुंद, खाली घडीची पायरी असलेलं. त्याचं मूळ कुलूप गणपतीच्या दिवसांतच मोडलेलं. तिथे आम्ही आमची नेहमीची कडी बसवली. जनार्दनने केलेली, लोखंडी, हात लावला की खट्टकन बसणारी. आमच्या कडीबद्दल आजवर एकाही गणपतीची तक्रार आलेली नव्हती.

मालाच्या गाडीत माणसं राहणार म्हणजे परवानगी आली. तपासणीला आलेले साहेब सज्जन होते. त्यांच्या कागदावर 'मालाचे वर्णन' असा एक रकाना होता. त्यांनी आत डोकावून पलंग, शेगडी आणि दांडा धरून बसून बघणाऱ्या सुमनताई पाहिल्या, आणि पेन तसंच हातात ठेवून बराच वेळ विचार केला. दोनतीन फेऱ्यांनी तेही काम झालं. नकाशाप्रमाणे दांडा आहे की नाही, हे त्यांनी हलवून पाहिलं. दार लावून पाहिलं नाही. आम्हीही पाहिलं नव्हतं. शेडमध्ये पत्र्याखाली इतकं उकडायचं की दार लावून आत कोण बसणार? दिवे, पाणी, शेगडी, सगळं आम्ही तपासलं, दार उघडं ठेवून.

गाडी साधी घरी न्यावी आणि बाईंनी बहिणीला वार सांगावा, इतकं सोपं दिगंबररावांना चालणार नव्हतं. वरशाला बंगल्यासमोर मांडव पडला. उद्घाटनाला एक माजी सभापती आले. ते कशाचे सभापती होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण 'माजी' या शब्दावर ते नाराज दिसले. दाराला लाल फीत होती. सभापतींनी पस्तीस मिनिटं भाषण केलं. "ही गाडी नव्हे, ही चळवळ आहे," असं ते म्हणाले, तेव्हा गाडीच्या केबिनमध्ये ड्रायव्हर दत्तू झोपला होता. दत्तू हमरापूरचा, हीच गाडी गणपतींसह त्याने वर्षानुवर्षं चालवलेली. समारंभ झाला की त्याने रिकामी गाडी कोलाडला नेऊन डिझेल भरून आणायची, असं ठरलं होतं.

फीत कापली गेली. सुमनताई आधीच आत पलंगावर बसल्या होत्या, कारण उन्हात उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. सभापती आत शिरले आणि समोरच्या बाकावर बसले. फोटो झाले. मग फोटोवाल्याने सांगितलं की आता बंद गाडीचा एक बाहेरून घेऊ, साहेब खिडकीतून दिसतील असा. "दार लावा जरा."

जनार्दन दाराजवळच उभा होता. त्याने दार ओढलं. कडी टाकली. आणि तीस वर्षांची सवय त्याच्या हातात होती. त्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "मोरया!"

दत्तू जागा झाला आणि निघाला.

पहिली दहा सेकंदं लोकांनी टाळ्या वाजवल्या, हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं समजून. मग दिगंबरराव धावले. जनार्दन धावला. मी धावलो नाही, कारण माझ्या लक्षात आलं होतं. दाराला आतून काही नव्हतं. मूठ नाही, खटका नाही, एक भोकसुद्धा नाही. इतकी वर्षं मी दारं बांधत आलो, आणि एकाही दाराला आतून उघडायची सोय केलेली नव्हती, कारण तशी कोणाला गरज पडली नव्हती.

दत्तूला फोन लावले. एरवी कुठलाही नियम न पाळणारा दत्तू त्या दिवशी गाडी चालवताना फोन घेत नव्हता. सभापतींचे दोन्ही फोन त्यांच्या कार्यकर्त्याच्या हातात आमच्यासमोर वाजत होते. सुमनताईंचा फोन घरात देवापुढे ठेवलेला होता, माहेरी माईला लावायचा म्हणून.

पुढचं मला सुमनताईंकडून कळलं. सभापतींनी आधी मधल्या भिंतीवर मुठी मारल्या. ती माझी भिंत. तिने आपलं काम चोख केलं. मग ते खिडकीच्या पक्क्या, न उघडणाऱ्या काचेशी गेले आणि दोन्ही हात हलवून रस्त्यावरच्या लोकांना मदतीसाठी बोलावू लागले. लोकांनीही हात हलवले. एका नाक्यावर कोणीतरी नमस्कार केला. साहेब दौऱ्यावर निघालेत, असंच सगळ्यांना वाटलं. भाषणाआधी त्यांनी तीन ठिकाणी चहा घेतलेला होता. कोलाडच्या अलीकडे त्यांनी सुमनताईंना, नजर न मिळवता, पडद्यामागे काय आहे असं विचारलं. सुमनताईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. अशा रीतीने गाडीच्या त्या भागाचंही उद्घाटन मान्यवरांच्याच हस्ते झालं.

कोलाडच्या पंपावर दत्तूने टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा त्याला बाजूच्या खिडकीत सभापती दिसले. त्याने कडी काढली. "अवो सायेब! तुमी आत कवा बसलाव?"

सभापती दुसऱ्या गाडीने गेले. सुमनताई परत आल्या त्या रिक्षाने. वरशाच्या अंगणात उतरल्या, काठी टेकत माझ्यासमोर आल्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात केला.

"नाना, तुम्ही गाडी गणपतीची बांधलीत. माणसाची नाय."

"चूक झाली, ताई. उद्याच—"

"नऊ वर्षं घरात अडकून काढली. आता चाकांवर अडकायचं? तिथे पाखाडीच्या डोक्यावर, आत एकटी, आणि दार उघडायला मी कोणाला हाक मारू? ऐंशी वर्षांच्या माईला? नको. मला नाय जायचं."

दिगंबरराव म्हणाले, "किरकोळ तांत्रिक बाब आहे." सुमनताई आत गेल्या. त्या रविवारी माईचा फोन आला तेव्हा त्यांनी वार सांगितला नाही.

माझ्या धंद्यात फुटलेल्या गोष्टी फार नाहीत. एकदा एका गणपतीचा हात दुखावला होता, तोही रंगाऱ्याने जोडून दिला. पण त्या बाईंनी रंगाच्या डब्यांवर उठून बसून माप दिलं होतं, आणि मी वीस इंचांत अर्धा इंच इकडेतिकडे होऊ दिला नव्हता, आणि दाराला आतून हात ठेवला नव्हता. मला घरात जेवण जाईना. जनार्दन तर थापा मारलेला हात खिशात घालून फिरत होता. "नाना, माज्या हातान झाला."

"तुझ्या हाताने गाडी गेली. अडकवलं मी."

पंधरा दिवस गाडी वरशाच्या अंगणात उभी होती. तिच्या बॉनेटवर कुरडया वाळत होत्या. त्या पंधरा दिवसांत आम्ही शेडमध्ये नवी कडी केली. एकच दांडा, दोन मुठी, एक बाहेर, एक आत. बाहेरून कितीही घट्ट लावा, आतली मूठ खाली दाबली की दांडा सरकलाच पाहिजे. आतली मूठ पितळेची, हातभर लांब, पलंगावर बसल्या जागी हात पोहोचेल अशी. शिवाय केबिनमध्ये वाजणारी घंटा. ती घेऊन आम्ही वरशाला गेलो आणि भर दुपारी अंगणात बसवली. सुमनताई पडवीत खुर्चीवर बसून बघत होत्या.

काम झालं तसं मी म्हटलं, "ताई, एकदा बघून घ्या."

"मी कशाला? तुम्ही बसा आत. तिघंही."

तिघं म्हणजे मी, जनार्दन आणि दिगंबरराव. वैशाखातलं ऊन. आम्ही आत बसलो. सुमनताई उठल्या, स्वतः दार ओढलं, स्वतः बाहेरची कडी टाकली आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. जनार्दनने डोळे मिटले. मी मूठ दाबली. दार उघडलं.

"आता ह्यांना करू दे," त्या म्हणाल्या.

दिगंबररावांनी मूठ वर ओढली, पुढे ढकलली, आणि माणसाच्या आदिम ओढीविषयी एक शब्दही न काढता दारावर हात आपटले. जनार्दन म्हणाला, "सायेब, खाली. खाली दाबा." दार उघडलं. दिगंबरराव घामाने भिजले होते.

"परत."

असं सात वेळा झालं. चौथ्या वेळी सुमनताईंनी बाहेर चहा मागवला आणि तो पिऊन होईपर्यंत आम्हाला आत बसवलं, "घाई नाय, घाई नाय," असं म्हणत. सातव्यानंतर त्या स्वतः पायरी चढल्या. दार ओढून घेतलं. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. दिगंबरराव पुढे झाले तर जनार्दनने त्यांचा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या. बसल्यात त्या."

मग खट्ट झालं आणि दार उघडलं.

"बाहेरची काढून टाका," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"बाहेरची मूठ. ती कशाला हवी? जाताना किल्लीने कुलूप लावता येईल तेवढं ठेवा. आत कोणी असताना बाहेरून कोणी उघडायचंही नाय आणि लावायचंही नाय."

जनार्दनने ती तिथल्या तिथे कापली. सुमनताईंनी आत बसूनच देवापुढचा फोन मागवला आणि माईला वार सांगितला. बुधवार.

बुधवारी सकाळी दत्तूने गाडी काढली. दिगंबररावांनी सामानात हिमालयाचा नकाशा घेतला होता. बहिणीची भेट झाली की चार दिवसांनी तिकडे निघायचं, असा त्यांचा बेत. जनार्दनने पत्र्याला हात लावला नाही. तोंडाने म्हणाला, "निघ रं दत्तू."

त्याला आता आंब्याचे दोन हंगाम झाले. गाडी पाखाडीच्या डोक्यावर फणसाखाली उभी आहे, चाकांपुढे जांभ्याचे चिरे लावून. माई दुपारचं आवरून वर चढून येते आणि तिथेच राहते, कारण पलंगावर दोघी मावतात. दत्तू एसटीने परत आला. दिगंबरराव पंधरवड्यातून एकदा वरशाहून एसटीने तिकडे जातात आणि रात्री खाली माईच्या पडवीत झोपतात. सकाळी चहासाठी ते सत्तरच्या वर पायऱ्या चढून गाडीशी येतात. दाराला बाहेरून मूठ नाही, त्यामुळे त्यांना ठोठावावं लागतं.